बाबांच्या खोलीतला एसी

घरातले निर्णय कसे घ्यावेत, हे माझ्याकडून शिका! बाबांच्या खोलीतला एसी दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, हा प्रश्न मी दहा मिनिटांत निकालात काढणार होतो.

एसी वीस वर्षांचा. उन्हाळ्यात गार, थंडीत गरम हवा देणारा. हल्ली मात्र रात्रंदिवस नुसता खडखडायचा. जणू कोणी पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवतंय! पाच महिन्यांपूर्वी आई गेली, तेव्हापासूनच.

"दुरुस्त कर," बाबा म्हणायचे.

"नवा घेऊ," मी म्हणायचो.

शेवटी मेकॅनिकला बोलावलं आणि दारातच त्याच्या कानात सांगितलं, "वडिलांना सांगा, मशीन गेलंय."

मला काय माहीत, बाबांनी त्याला आधीच फोन करून बजावलं होतं, "मुलाला सांगा, अजून खूप चालेल!"

मेकॅनिकने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. बिचाऱ्याला घाम फुटला.

"मशीन गेलंय... पण खूप चालेल!"

"म्हणजे काय?" आम्ही दोघंही ओरडलो.

"आधी उघडून बघतो!" म्हणत तो स्टुलावर चढला. झाकण काढलं, तर फटींतून पुठ्ठ्याच्या घड्या टपाटपा खाली! औषधांच्या खोक्यांचे तुकडे. एक, दोन, सात!

"खडखड होऊ नये म्हणून कोणीतरी खोचल्यात," तो म्हणाला. "सैल पडल्या की बदलत असणार. आता कोणी बदलल्याच नाहीत."

प्रत्येक घडीवर पेन्सिलीने तारीख होती. अक्षर आईचं. शेवटची तारीख, तिला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवसाची.

बाबा पलंगावर बसले.

"माझी झोप सावध ना," ते म्हणाले. "कधी बोलली नाही मला. मला वाटलं, ती गेली आणि हेही बिघडलं."

माझा निर्णय तिथेच विरघळला. "बाबा, दुरुस्तच करू."

मेकॅनिक स्टुलावरून उतरला. "काका, आता खरं सांगतो. आत सगळं गंजलंय."

बाबांनी घड्या गोळा केल्या, तारखांप्रमाणे लावल्या. "नवा आण," मला म्हणाले. "तिच्यासारखं कोण बघणार याच्याकडे?"

आठवड्याने दुकानाच्या फिटरने नवा एसी बसवला. टाचणी पडली तरी ऐकू यावी इतका शांत.

"कसा आहे?" मी विचारलं.

"चांगलाय," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "खोली फार मोठी वाटते रे."

मी पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो, तो तिकडेच राहिलो. पावतीवर सहीसाठी फिटरने तीन हाका मारल्या. सही अशी वेडीवाकडी आली की माझी मलाच ओळखू येईना!

"पेन बिघडलंय वाटतं," फिटर म्हणाला.

"हो, पेनच!" मी म्हटलं.

पेन माझंच, नवंकोरं होतं. पण तुम्ही त्याला सांगू नका.