दगडू घाडींचा पक्का रंग

रंगाच्या बाबतीत आपल्याला शिकवील असा माणूस लालबाग-परळमध्ये अजून जन्माला यायचाय, असं दगडू घाडी आठवड्यातून निदान दोनदा म्हणत. तीस वर्षं त्यांनी मिलच्या रंगखात्यात काढली होती. आपण रंगवलेला कापडाचा एक तरी ताका धुतल्यावर फिका पडला असं कुणी दाखवावं, मिशी उतरवून देतो, असं त्यांचं जाहीर आव्हान होतं. मिल बंद पडून पंचवीस वर्षं झाली, आता तक्रार घेऊन येणार कोण, हे त्यांना कुणी विचारत नसे.

सवय मात्र गेली नव्हती. साडीच्या दुकानात गेले की ते खिशातला पांढरा रुमाल काढत, त्याचं टोक ओलं करत आणि साडीवर खसाखसा घासत. मग रुमाल उजेडात धरून बघत. रुमालावर रंग उतरलेला दिसला की त्या दुकानदाराची धडगत नसे. अशा वेळी त्यांच्या पत्नी मीराबाई, आपण या माणसाबरोबर आलोच नाही अशा थाटात रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहत.

या घराला पहिला धक्का दिला तो आकांक्षाने, म्हणजे त्यांच्या नातीने. ती लोअर परळला नोकरी करते. दगडूंचं रंगखातं जिथे होतं, नेमक्या त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर. साखरपुडा पंधरा दिवसांवर आलेला असताना एका संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा तिचे काळेभोर केस कानांच्या खाली चक्क रुपेरी झाले होते. मीराबाईंची तव्यावरची भाकरी करपली.

"अगो बाये, लग्नाआधीच म्हातारी होऊन इलंस?"

"आजी, मुद्दाम करून घेतलेत. आधी रंग काढतात, मग हा चढवतात."

"आणि त्याचे पैसे कोण कोणाक देता? ते तुका, की तू त्येंका?"

दुसऱ्या दिवसापासून त्या दोन खोल्यांत केसांचं राज्य सुरू झालं. केसांवर गरम पाणी घ्यायचं नाही. खोबरेल तेलाची बाटली तिच्या जवळ आणायची नाही. रोज न्हायचं नाही. उशीला सुती अभ्रा चालत नाही, सॅटिनचा लागतो. आणि नळाच्या पाण्याने केस पिवळट पडतात, म्हणून आठवड्यातून एकदा जांभळा शाम्पू, मोबाइलवर घड्याळ लावून, मोजून पाच मिनिटं. ती पाच मिनिटं अख्खं घर बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभं.

दगडूंनी बाकी सगळं सोडून दिलं. ते अडकले जांभळ्यावर.

"जांभळा कशाला गो?"

"पिवळेपणा मारायला, आजोबा. जांभळा पिवळ्याला मारतो."

दगडू हादरले. तीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? पिवळट कापडाला नीळ द्यायची आणि पांढरंशुभ्र करून पाठवायचं. आता तीच विद्या कुणीतरी बाटलीत भरून, वर झाडाच्या पानाचं चित्र काढून, त्यांच्याच नातीला विकत होतं.

"ही नीळ आहे, बाये. माझ्या सदऱ्याला घालतो तीच. मी तुला घरच्या घरी करून देतो."

आकांक्षाने दोन्ही हात केसांवर ठेवले. "आजोबा, माझ्या केसांना हात लावायचा नाही. घ्या शपथ."

दगडूंनी शपथ घेतली, पण त्यांना वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. पंचवीस वर्षं या घरात रंगाबद्दल कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. शेवटी घरात रंगाची गोष्ट निघाली, तर त्यांनाच बाहेर उभं राहायला सांगितलं.

पण शपथ फक्त आकांक्षाच्या केसांपुरती होती. दगडूंची मिशी पांढरी होती आणि चहाने नि तेलाने पिवळी पडली होती. त्यांनी वाटीभर थंड पाण्यात कपड्यांना घालतात ती पातळ नीळ घेतली, फक्त एक थेंब. मिशीला लावली, पाच मिनिटांनी धुतली आणि आरशात बघितलं. मिशी चांदीची झाली होती. मीराबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली, पण ते आरशासमोरून हलले नाहीत.

साखरपुड्याला चार दिवस उरले असताना बेबीताई नवरीची साडी दाखवायला लालबागला आल्या. बेबीताई म्हणजे आकांक्षाच्या होणाऱ्या नवऱ्याची, सिद्धार्थची आजी. माणसं गिरगावातली, चार पिढ्या तिथली. सिद्धार्थचे वडील वीरेंद्र विजयकर सॉलिसिटर होते, आणि मुलीकडचे चाळीत राहतात हे कळल्यापासून त्यांच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. हे लग्न ठरलं ते बेबीताई हो म्हणाल्या म्हणून. त्या उद्या नाही म्हणाल्या तर लग्न मोडेल, हे दोन्ही घरांत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या आल्यावर घाडींच्या घरात सगळे एका पायावर उभे असत.

चहा झाला, साडी बघून झाली. मग बायका आत गेल्याचं बघून बेबीताई गॅलरीत दगडूंजवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "दगडूराव, एक विचारू? मिशीला काय लावता?"

दगडूंचा चहा कपातच राहिला.

"नाही, विचारते कारण माझे केस बघा. कधी कलप लावला नाही, लोक चांदी म्हणायचे. आता हळदीचा हात पुसल्यासारखे दिसतात. आणि चार दिवसांनी सगळे फोटो निघणार."

दगडूंनी वाटी आणून दाखवली. एक थेंब, थंड पाणी, पाच मिनिटं. "फक्त दर आठवड्याला लावा. धुतलं की जातं."

"असं होय," बेबीताई सहज म्हणाल्या. "म्हणजे कच्चा रंग."

त्यांच्या मनात काही नव्हतं हो. पण हा शब्द आजवर दगडू घाडींना तोंडावर कुणी ऐकवला नव्हता. मुकादमी करणाऱ्या जॉबरने नाही, मिलच्या मालकाने नाही.

"कच्चा?" दगडू म्हणाले. "पक्का करून देतो की."

आणि ते कामाला लागले. केस म्हणजे शेवटी लोकरच. लोकरीने रंग धरायला काय लागतं? आंबट आणि ऊब. सुनेच्या, म्हणजे आकांक्षाच्या आईच्या, फळीवर नूडल्ससाठी आणलेली व्हिनेगरची बाटली होती. ती अख्खी त्यांनी कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतली. नीळ एक थेंब घेतली होती ती मिशीसाठी. इथे डोकं होतं, म्हणून दगडूंनी हात सैल सोडला. "कोमट करून लावा, वरून टॉवेल बांधा आणि अर्धा तास बसा," ते म्हणाले.

रंगखात्यात एक नियम होता. आधी चिंधीवर नमुना, मग ताका. मिश्रण बदललं की नमुना पुन्हा. दगडूंनी तो तीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. पण नमुना मिशीवर झालाच आहे, असं त्यांनी त्या दिवशी स्वतःला समजावलं. बेबीताईंनी बाटली पिशवीत साडीच्या खोक्याखाली लपवली.

"कुणाला बोलू नका हं," त्या म्हणाल्या.

"मी कशाला बोलू?" दगडू म्हणाले. ते मनातून इतके खूश होते की त्या रात्री त्यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

साखरपुडा दादरच्या एका हॉलमध्ये होता. मुलाकडची मंडळी वेळेवर आली, आणि सगळ्यांत पुढे बेबीताई, डोक्यावरून घट्ट पदर घेऊन. मीराबाई तर विरघळल्याच.

"बघा, येवढी शिकलेली, मोठ्या घरची, पण कशी डोक्यावर पदर घेऊन इली."

दगडूंनाही क्षणभर बरं वाटलं. मग बेबीताई पंख्याखालून गेल्या, कानामागून एक बट बाहेर आली आणि दगडूंनी हातातला सरबताचा पेला खाली ठेवला. बट पिकल्या जांभळासारखी होती.

दगडू गर्दीतून वाट काढत त्यांच्या खुर्चीपाशी पोहोचले. बेबीताई समोरच्या पाहुण्यांकडे बघून हसत होत्या आणि हसता हसता दातांमधून बोलल्या, "सात वेळा धुतले, दगडूराव."

"मग?"

"मग काय? तुम्ही म्हणालात पक्का."

दगडूंनी वळून बघितलं. समोर नात बसली होती, नवी साडी, रुपेरी केस, चेहऱ्यावर न मावणारा आनंद. तिच्याकडे बघून त्यांना रडू यायचं बाकी राहिलं. चार पिढ्यांच्या घरातली बाई आपण रंगवून ठेवली. आता वीरेंद्र विजयकर उठणार, आठीसकट उठणार आणि सगळ्यांना घेऊन गिरगावला परत जाणार.

अजून आशा होती. पदर जागेवर होता, पिना भक्कम होत्या. ओटी भरायची वेळ झाली. बेबीताई साखरेचा पुडा घेऊन आकांक्षासमोर वाकल्या, तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "आजी, चेहरा दिसत नाही." आणि मोठ्या तत्परतेने त्याने स्वतःच पदर मागे ओढला.

हॉलमधली सनई त्याच क्षणी थांबली. कॅसेटचा जमाना संपला तरी सनई नेमकी नको तिथे थांबते. दीडशे माणसांच्या माना एकदमच वळल्या. सिद्धार्थच्या तोंडातला पेढा तसाच राहिला. मीराबाईंनी आधी बेबीताईंच्या डोक्याकडे बघितलं, मग आपल्या नवऱ्याच्या चंदेरी मिशीकडे, आणि त्या मटकन खाली बसल्या. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांना सगळं न सांगताच कळत असे.

"आई," वीरेंद्र उठून म्हणाले, "हे काय आहे?"

"पार्लरमध्ये जरा चुकलं."

"कुठल्या पार्लरमध्ये? नाव सांग. आज नोटीस काढतो."

बेबीताईंनी नाव सांगितलं नाही. पण त्यांची नजर नको त्या दिशेला गेली, आणि दीडशे नजरा तिच्यामागून गेल्या. दगडू पुढे आले. त्यांनी हात जोडले.

"पार्लर नाही, साहेब. मी."

"तुम्ही, घाडी?"

"आजोबा," आकांक्षा एवढंच म्हणाली. तो आवाज दगडूंना कुणी मारल्यासारखा लागला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "काय शिक्षा करायची ती मला करा. पोरीचं लग्न मोडू नका."

इथे थांबले असते तर कुणाचं तरी मन द्रवलं असतं. पण माणसाची सवय त्याला विचारून थोडीच चालते? माफी मागता मागता दगडूंची नजर त्या केसांवर पडली आणि त्यांचा हात आपोआप खिशात गेला. रुमाल निघाला. शेजारच्या गुलाबदाणीतून त्याचं टोक ओलं झालं. आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी बेबीताईंची एक बट धरून खसाखसा घासली, मग रुमाल हॉलच्या झुंबराकडे धरून डोळे बारीक केले. रुमाल पांढरा होता.

"एक ठिपका नाही," दगडू घाडी मोठ्याने म्हणाले. आणि भर हॉलमध्ये, त्या प्रसंगी, त्यांची छाती फुगली.

बेबीताईंनी हात पुढे करून रुमाल मागितला. उलटसुलट करून बघितला. मग त्यांचे खांदे हलू लागले. रडतात की काय म्हणून सिद्धार्थ धावला, तर त्या हसत होत्या, पोट धरून.

"वीरू," त्या म्हणाल्या, "तुझ्या लग्नात मला घेतलेली साडी पहिल्याच धुण्यात विटली होती. हा माणूस तेव्हाच भेटायला हवा होता."

आई हसते आहे म्हटल्यावर सॉलिसिटर काय करणार? खाली बसले. आकांक्षा बेबीताईंजवळ आली आणि कानात म्हणाली, "उतरेल, आजी. मी घरी जे जे करू देत नाही ते सगळं करा. भरपूर खोबरेल, गरम पाणी, रोज न्हायचं."

"करते गं बाई. आता ओटी भरू दे, हात दुखले पुडा धरून."

साखरपुडा झाला. प्रत्येक फोटोत मधोमध एक जांभळं डोकं आहे. तीन आठवड्यांच्या तेल-पाण्याने ते फिकट होत होत लव्हेंडरच्या फुलासारखं झालं, आणि तिथे बेबीताईंनीच तेल बंद केलं. छान दिसतं म्हणाल्या. त्यांच्या भजनी मंडळातल्या दोघींनी दगडूंना फोनही केले. मात्र दोघींची एकच अट होती. कच्चा द्या हो, पक्का नको. दगडूंना तो अपमान मुकाट्याने गिळावा लागला.

लग्नाला आठवडा उरला होता. एका रविवारी आकांक्षाचे केस पुन्हा पिवळट दिसू लागले आणि तिची जांभळी बाटली संपली. ती वाटी घेऊन आली आणि आजोबांसमोर स्टुलावर पाठ करून बसली.

"एक थेंब, थंड पाणी, पाच मिनिटं," ती म्हणाली. "व्हिनेगर आईने कुलपात ठेवलंय. करा."

दगडूंनी चष्मा पुसला, नीळ घातली, नातीची बट हलकेच हातात घेतली आणि थांबले.

"आधी नमुना," ते म्हणाले.

"मिशीवर झालाय ना?"

"एकदा तसं केलं आणि फसलो. मिश्रण नवं, नमुना नवा. पांढरा केस पाहिजे."

दोघांनी एकदमच मान वळवून, मेथी निवडत बसलेल्या मीराबाईंच्या दिशेने बघितलं. मेथी जागेवर होती. मीराबाई डोक्यावरून पदर घट्ट ओढून एव्हाना चाळीचा जिना उतरून गेल्या होत्या.