मिठाच्या फौजेचं टपाल

आधीच सांगून ठेवते, माझ्याइतका स्थिर हात या शहरात दुसऱ्या कुणाचा नाही! मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर नुसतं माप पाठवतात. सुळ्याला पिवळसर छटा किती द्यायची, पुढच्या दोन दातांत फट किती ठेवायची, हे सगळं माझ्या ब्रशच्या टोकावर ठरतं. त्यामुळे सायकलच्या दुकानावरच्या खेळमंडळात मी अंगठ्याएवढ्या सैनिकांच्या लढाया पाहिल्या, तेव्हा माझे हात शिवशिवायलाच लागले. प्रत्येकानं आपली फौज स्वतः जोडायची, स्वतः रंगवायची, तिला एक कहाणी द्यायची आणि पुठ्ठ्याच्या डोंगरांतून फासे टाकत लढायचं!

घरी येऊन मी जाहीर केलं, "दोन महिन्यांत माझी फौज उभी राहणार आणि पहिल्याच सामन्यात समोरच्याला धूळ चारणार!"

"गिटारसारखी?" नवऱ्यानं विचारलं. "की त्या एका बाहीच्या स्वेटरसारखी?"

"दुसरी बाही मी विणणार आहे!"

"विण गं. तोवर माझा एक हात गरम आहे."

खिडकीशी बसलेले अप्पा हसलेसुद्धा नाहीत. अप्पा म्हणजे माझे सासरे. छत्तीस वर्षं पोस्टमन होते. आई गेल्या त्याला आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून अप्पांकडे तीनच बोल शिल्लक होते. 'हो', 'नको' आणि 'असू दे'. घराबाहेर तर त्यांनी पाऊलच टाकलं नव्हतं. पूर्वी कुणाचाही फोन असो, ठेवताना आई म्हणायच्या, "बाकी सगळं जिथल्या तिथे!" आता खरोखरच सगळं जिथल्या तिथे होतं. अप्पासुद्धा.

तर, फौज! माझ्याकडे दातांचा पांढरा रंग बादलीभर, म्हणून मी मिठागरातली माणसं घेतली. डोक्यापासून टाचेपर्यंत मिठानं पांढरी झालेली, हातात उंच भाले. चाळीस शिपाई आणि कासवावर बसलेला एक सेनापती. कहाणीही झकास जमली. एके दिवशी समुद्र रुसतो आणि निघून जातो. त्याची समजूत काढून त्याला परत आणायला मिठागरातले गडी निघतात. बारा वर्षं झाली, अजून चालताहेत. वहीत मी वर दोन ओळीही लिहिल्या:

रुसला गं समुद्र, गेला डोंगराच्या पार,
मागे निघाली फौज, उघडं राहिलं दार.

वही जेवणाच्या टेबलावर राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा घोट घेतला आणि पाठीमागून एकदम आवाज आला.

"बारा वर्षं! आणि एकही पत्र नाही?"

घोट नाकातून बाहेर आला! मागे अप्पा उभे होते. हातात वही, कपाळावर आठ्या.

"अप्पा, ती... ती नुसती गोष्ट आहे."

"असेना! घरी बायकापोरं आहेत ना यांची? पत्ते सांग."

मी सुचेल ते सांगत सुटले. अप्पा लिहून घेत होते आणि मधूनमधून माझी हजेरी.

"'टेकडीपाशी' हा काय पत्ता झाला? टेकडीच्या कुठल्या अंगाला? दारात कुत्रं आहे का?"

"कुत्रं कशाला?"

"तू टाकलंयस का कधी टपाल? मग!"

स्वयंपाकघरात नवऱ्यानं मला कोपऱ्यात गाठलं. डोळे भरलेले, आवाज दबका. "ते एका दमात कुत्र्यापर्यंत बोलले! हे बघ, आता ते काहीही विचारोत, तू हो म्हण."

म्हटलं! इथेच घात झाला.

अप्पांनी चाळीस काड्यापेट्या चिकटवून टपालाचे खण केले. माझा सगळ्यात बारीक ब्रश पळवला. रोज दुपारी मान खाली घालून ते लिहीत बसत आणि कधीकधी गुणगुणतसुद्धा. सामन्याच्या आदल्या दिवशी मी एका वकीलसाहेबांच्या खालच्या जबड्यात कोपरापर्यंत बुडालेली असताना ते आले.

"टपाल तयार आहे. पोचवू?"

"पोचवा की!"

"तुझं ते छोटं कटर घेऊ?"

"घ्या की!"

मला वाटलं, कागद कापायचा असेल. मी मान वर करून पाहिलंही नाही.

रविवारी सकाळी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून दारात माझ्याआधी तयार! आठ महिन्यांनी जिना उतरले. मंडळात पहिल्या रांगेतली खुर्ची धरून बसले. समोर माझा प्रतिस्पर्धी, कोपऱ्यावरचा औषधवाला, साठ सांगाड्यांची काळीकुट्ट फौज मांडून तयार होता. मी ऐटीत पेटी उघडली.

चाळीस शिपाई उभे होते. एकाच्याही हातात भाला नव्हता!

प्रत्येकाच्या हातात तांदळाच्या दाण्याएवढं, घड्या घातलेलं निळं पत्र होतं. पेटीच्या कोपऱ्यात रबर लावलेली भाल्यांची जुडी आणि तिला चिठ्ठी: 'भाले. एकूण चाळीस. जमा.' सेनापतीचं पत्र रजिस्टर होतं. कासवाच्या पाठीवर त्याच्या अंगठ्याचा ठसाही घेतलेला!

"अप्पा!" मी किंचाळले. "भाले?"

"दोन्ही हातांत भाला धरून पत्र कसं घेणार माणूस?" अप्पा शांतपणे म्हणाले. "आणि हातात दिल्याशिवाय टपाल पोचलं असं म्हणत नाहीत."

तेवढ्यात पंच आले. त्यांना सगळे नियमकाका म्हणतात. झोपेत कूस बदलायची तरी ते आधी पान उघडून बघत असावेत. त्यांनी भिंग लावलं.

"जे हातात दिसतं तेच शस्त्र. हे काय आहे?"

"पत्र."

"पत्रानं मारता येत नाही. फौज निःशस्त्र. चालू शकते, लढू शकत नाही. डिंक असेल तर दहा मिनिटं देतो. पत्रं काढा, भाले लावा."

डिंक होता! माझ्या पिशवीत कायम असतो. नवऱ्याची बाही माझ्या डोळ्यांपुढे नाचली. मी चिमटा उचलला, पहिल्या शिपायाचं पत्र उपटलं आणि घडी मोडली. तिकिटाएवढा कागद. कामाचं भिंग डोळ्याला लावून वाचलं.

'समुद्र नाही सापडला तरी चालेल. रिकाम्या हातांनी या. तुमची खिडकीतली जागा रोज पुसते. बाकी सगळं जिथल्या तिथे.'

माझा हात थरथरला. शहरातला सगळ्यात स्थिर हात!

पहिल्या रांगेत अप्पा पुढे वाकून बसले होते. टपाल टाकल्यावर दार उघडायची वाट बघणाऱ्यासारखे.

मी पत्राची घडी घातली, शिपायाच्या हातात परत चिकटवली आणि म्हणाले, "नियमकाका, माझी फौज अशीच खेळणार."

पुढचं काय सांगू! सांगाडे आले ते वळवाच्या गारांसारखे! माझे गडी आपापलं पत्र वाचत चाललेत. पहिला पडला. औषधवाल्यानं त्याला उचललं आणि सहज पत्र उलगडलं. डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात जन्म गेलेला माणूस, त्याला भिंगही लागलं नाही. वाचता वाचता त्याचा फासे धरलेला हात खाली आला.

"अप्पा, याची बायको लिहिते, मुलगी खांद्याला लागली. यानं पाहिलीच नसेल ना तिला?"

"कशी पाहणार? पोटात होती तेव्हा निघाला."

"अरेरे! थांबा, याला नंतर मारतो."

"मेलेला परत उभा करता येत नाही!" नियमकाका गरजले. मग भिंग पुसून हळूच म्हणाले, "पुढचं वाचा."

तरीही मी हरले! साफ, सपशेल, पहिल्या शिपायापासून कासवापर्यंत! नियम म्हणजे नियम. फक्त एवढंच, की जो सामना दहा मिनिटांत संपायचा तो अडीच तास चालला, कारण प्रत्येक पडणाऱ्याचं टपाल मोठ्यानं वाचलं गेलं.

"म्हणजे ही फौजही अर्धीच," घरी नवरा म्हणाला. पण हे म्हणताना तो अप्पांच्या पायातले बूट काढत होता आणि त्याला मान वर करता येत नव्हती.

पुढच्या रविवारी औषधवाला साठ सांगाडे घेऊन आमच्या दारात हजर. "अप्पा, आमच्यांनाही कधी कुणी लिहिलं नाही हो!"

आता अप्पांची खिडकी रिकामी असते. ते टेबलाशी असतात आणि सकाळपासून बोलत असतात. टेकडीच्या कुठल्या अंगाला, सांगाड्याला कुत्रा भुंकेल की चावेल, माझे चाळीस शिपाई उत्तरं कधी धाडणार, आणि कधीकधी, अगदी सहज, आई काय म्हणायच्या ते. वकीलसाहेबांचा वरचा जबडा अजून बाकी आहे. मी काम करता करता ऐकते. मध्ये बोलायला फट मिळाली, तर मी तीनच गोष्टी म्हणते.

'हो', 'नको' आणि 'असू दे'.