पाहुणे उठेपर्यंतचा नाथाजी

ज्या गावाला इतिहास जपायचा असतो, त्याने आधी इतिहासात कुणाचं नाव कितव्या नंबरला यायचं ते ठरवावं. आमच्या गावाने ठरवलं.

कुंडलच्या अलीकडच्या आमच्या गावात, तालमीवरच्या खोलीत, गावाच्या मालकीचा कॉम्प्युटर बसवला आहे. गावातले जुने व्हिडिओ त्यात कायमचे ठेवायचे. (परक्या कंपनीकडे ठेवले तर ती उद्या बंद पडेल. आपल्याकडे फक्त लाईट जाते.) समितीचे अध्यक्ष आप्पासो. लग्नाचं शूटिंग करणारा मतीन तंत्रप्रमुख. म्हणजे काम करणारा.

व्हिडिओ आत घेण्याची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. फाईलचं नाव मानपानाच्या क्रमाने द्यायचं: उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, कारखान्याचे आजी-माजी संचालक आणि शेवटी ज्याचा सत्कार आहे तो. कॉम्प्युटर ठरावीक अक्षरांपुढे नाव घेत नाही, त्यामुळे सत्कारमूर्ती गळतो. यावर समितीने बैठक घेतली आणि कॉम्प्युटरचं बरोबर आहे असा ठराव केला. पाहुणे उठल्यानंतरचा भाग जागा खातो; तो कापायचा. आत घेतलं की मूळ फाईल पुसायची. (एका सत्काराच्या दोन प्रती निघाल्या तर खरी कुठली, यावर भावकीत डोकी फुटतात.)

आज संग्रहातला प्रत्येक व्हिडिओ 'मा.' पासून सुरू होतो. इतकी शिस्त पलटणीतही नसेल.

पलटणीतून सुभेदार होऊन आलेल्या नाथाजीचा सत्कार त्यातच होता. नाथाजी गेल्या वर्षी वारला. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी त्याची बायको राहीबाई जिना चढून आली.

"आवं आप्पासो, ह्यांचं भाषण लावा. जल्मात एकदाच माईकवर बोलले. फोटो लय हायत घरात, पर आवाज इसराय लागले मी."

मतीनने नाथाजीचं नाव टाकलं. काही निघालं नाही.

"म्हंजी न्हाईच," आप्पासो म्हणाले. "मशीन खोटं बोलत न्हाई."

"काकी, पाहुणं कोण व्हतं?" मतीनने विचारलं.

"पाहुण्याकडं कोण बघतंय? मी ह्यांच्याकडं बघत व्हते."

(समितीच्या मते इतिहासाकडे बघायची ही चुकीची दृष्टी आहे.)

मग मतीन 'मा.' एकेक उघडत गेला. दिवस मावळायला नाथाजीचा सत्कार सापडला. पाहुण्यांचं भाषण अखंड आहे, मध्ये पाणी प्यायले त्यासकट. मग पाहुणे उठायला लागतात. नाथाजी माईकजवळ येतो, खाकरतो. संपलं.

"पुढचं?"

"कापलं, काकी. मूळबी पुसलं. नियम हाय." मतीन स्क्रीनकडेच बघत होता.

आप्पासोंनी समजूत घातली, "आवं वहिनी, पुढं ऐकाय व्हतं तरी कोण?"

राहीबाईने खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. मग म्हणाली, "खाकरलेत ते ह्येच. तेवढं परत लाव रं, मतीन."

मतीन लावत राहिला.

आता आप्पासोंना शिव्या घालून तुम्ही मोकळे व्हाल. होऊ नका. नाथाजी खाकरतो तेव्हा कॅमेरा गर्दीकडे वळतो. खुर्च्या रिकाम्या, आणि सगळं गाव पाठमोरं, जेवणाच्या मांडवाकडे निघालेलं. तुम्ही म्हणाल, आम्ही त्या गावचे नाही. बरं. तुमच्या गावातल्या मागच्या कार्यक्रमात सगळ्यात शेवटी जो बोलला, तो काय बोलला तेवढं सांगा.