मीठ लावलेला नमुना

शके १८१०च्या वैशाखात माझ्या शालूचं लग्न झालं. त्याआधी वर्षभर मला हगवण होती. दिवसाला दहा फेऱ्या! तरी मी छाती ठोकून सांगितलं, "कन्यादानाला मीच बसणार, आणि मधे उठणार नाही!"

"मांडवात घमेलं ठेवू का?" माझी बायको आवडाबाई म्हणाली.

मी कळव्याहून होडीनं ठाण्याला हरिहर डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "राघो, तुझ्या आतड्यात सूक्ष्म जंतूंनी वस्ती केलीय. उद्या शौचाचा नमुना आण. यंत्रातून बघू."

वस्ती! मला न विचारता! परतताना एकच विचार: ते खात काय असतील? त्यांच्यात पाटील कोण?

दुसऱ्या दिवशी झाकलेलं मडकं मांडीवर घेऊन होडीत बसलो.

"काय रं राघोदादा, लोणचं?" मारुती नावाड्यानं विचारलं.

"तसंच समज. झाकण उघडू नको!"

डॉक्टरांनी पितळी नळीला डोळा लावला. नळी वर-खाली करून पुन्हा पाहिलं.

"हे तर सगळे मेलेत!"

"मेले? मग मला पळवतंय कोण?"

"अरे, यात घातलंस काय?"

"दोन मुठी मीठ. उन्हानं नासू नये म्हणून. बोंबलाला लावतो तसं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग मलाही बघू दिलं. बारीक बारीक काड्या, सुकवलेल्या जवळ्यासारख्या निपचित! एवढ्याशा जिवांनी मला वर्षभर नाचवलं? मला तर कौतुकच वाटलं.

"ताजा आण, बिनमिठाचा. आणि पाणी उकळून पी," डॉक्टर म्हणाले.

मी कशाला आणतोय? मिठानं ते मरतात, हे डोळ्यांनी पाहिलं होतं; आणि मिठागर तर माझ्या दाराशी! लग्नाच्या सकाळी तिथलं दाट खारं पाणी तांब्याभर प्यालो.

धवलारीण लग्नाची गाणी गाऊ लागली. "नवरीच्या बापाला बोलवा!"

नवरीचा बाप मिठागराच्या बांधाआड होता.

"अवो, या की!" आवडाबाई ओरडली.

"आलो! ... नाय, नाय येत!"

अखेर माझा धाकटा भाऊ भिवा पाटावर बसला. माझ्या शालूचा हात त्यानं दिला. मी बांधाआडून नुसती वाजंत्री ऐकली.

पुढे पाणी उकळून पिऊ लागलो आणि दोन महिन्यांत बरा झालो. पण शालूच्या आजेसासूनं पाटावर ज्याला पाहिलं, त्यालाच कायम शालूचा बाप मानलं. भिवा गेला तेव्हा म्हातारी शालूच्या गळ्यात पडून रडली, "पोरी, तुजा बाप गेला गं!"

मी शेजारीच उभा होतो. डोळे पुसून तिनं मला विचारलं, "तू कोन रं बाबा?"

भिवा शके १८१९च्या माघात गाठीच्या तापानं, म्हणजे प्लेगनं वारला.