मुकादमाची पिवळी गोळी

भाईंदर पूर्वेच्या खारी गावात डिटेक्टिव्ह एकच आहे, आणि तो मी. काशीनाथ मास्तर. चौतीस वर्षं चौथीच्या वर्गावर होतो. वर्गातला खडू कोणी पळवला, हे मी नुसतं डोळ्यांत बघून ओळखायचो. खडू बहुतेक वेळा माझ्याच खिशात निघायचा, पण त्याने बघण्याच्या पद्धतीत काही खोट येत नाही. निवृत्तीनंतर ही बुद्धी घरात सडू नये म्हणून मी ती गावाला मोफत देतो. गाव फारसं घेत नाही.

परवा सकाळी शेजारचा भावेश धावत आला.

"मास्तर, लवकर चला. मुकादम गोळी घेत नाहीये, आणि आई जेवत नाहीये."

"या दोन वेगळ्या केसेस आहेत," मी शांतपणे समजावलं. "एका वेळी एकच गणित सोडवावं. आधी कुत्रा. आई नंतर."

मुकादम हा त्यांचा तांबूस कुत्रा. भावेशच्या आईच्या, म्हणजे इंदुबाईंच्या सासरी पूर्वी मिठागर होतं, आणि हा ओट्यावर पुढचे पाय जोडून असा बसतो की मजुरांवर नजर ठेवतोय असं वाटावं. म्हणून मुकादम.

आम्ही गेलो तेव्हा इंदुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा सुकलेला. मुकादमापुढे स्टीलच्या ताटात गरम भाकरी, वर तूप, आत लपवलेली पिवळी गोळी. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, पण मान रस्त्याकडे वळवलेली.

"काल सकालपास्ना असाच बसलाय," इंदुबाई म्हणाल्या. "कानामागची जखम चिघळलीय. डागतर बोलला, आज सांजपर्यंत गोळी पोटात गेली पायजे, न्हायतर दवाखान्यात ठेवाया लागंल. जाळीच्या पिंजऱ्यात! माझं लेकरू! मी पन बोल्ली, ह्याच्या पोटात गोळी जात न्हाय तवर माझ्या पोटात घास न्हाय."

"आई, तुला चक्कर येतेय," भावेश म्हणाला.

"ती दुसरी केस," मी आठवण करून दिली.

मी वही उघडली. लाळ गळते, म्हणजे भूक आहे. भूक असून खात नाही, म्हणजे संशय आहे. संशय आहे, म्हणजे त्याला कोणीतरी माहिती पुरवलेली आहे. पायरी पायरीने गेलं की अवघड काही नसतं. समोरच्या कुंपणावर एक मांजर बसलं होतं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्याने डोळे मिटले. अपराधी!

मांजराला हाकलून दिलं. मुकादम हलला नाही.

मग माझ्या लक्षात आलं की गोळीचं पाकीट त्याच्यासमोरच ठेवलंय. "भावेश, हा वाचतो."

"मास्तर, काय पण!"

"मी चौतीस वर्षं शिकवलंय. वाचता येणाऱ्याचा चेहरा मला कळतो."

पाकिटावर फडकं टाकलं. मुकादमाने माझ्याकडे दयेने पाहिलं. हा चेहराही मी चौतीस वर्षं पाहिलेला होता.

शेवटचा उपाय प्रात्यक्षिकाचा. मुलं बघून शिकतात. मी ओट्यावर चार पायांवर उभा राहिलो, घरातून मागवलेल्या पेढ्यात गोळी म्हणून शेंगदाणा घातला आणि हात न लावता गिळला. भावेशने फोन काढून व्हिडिओ केला. शेंगदाणा घशात अडकला. इंदुबाईंनी उठून माझी पाठ थोपटली, आणि थोपटता थोपटता त्याच मटकन खाली बसल्या.

आता मात्र भावेश रडकुंडीला आला. मलाही वही मिटावी लागली.

तेवढ्यात फाटकात टोपली उतरली. उत्तनची ऑड्रे. वीस वर्षं याच ओट्यावर मासळी घेऊन येते.

"इंदू, बांगडं हायत ताजं. आगो, तोंड असा कनाला सुकलाय?"

भावेशने सगळं सांगितलं. मी मांजराचा मुद्दा जोडला. ऑड्रेने ताटाकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, मग इंदुबाईंकडे.

"तू जेवलीस का?"

"न्हाय ना. हा खात न्हाय तर मी कशी जेवू?"

"आनि तू जेवत न्हाय तर तो कसा खाईल?" ऑड्रे म्हणाली. "तूच शिकवलंय ना त्याला? पयली भाकर गाईला, शेवटची कुत्र्याला. पोरगा जेवतो, मंग तू जेवतंस, मंग तुझ्या ताटातला शेवटचा तुकडा त्याचा. एवढासा व्हता तवा आधी तोंड घातला म्हनून लाटणं दावलंस. माझ्या समोर! आता सगल्यांच्या आधी ताट मांडलंस, वर तूप! त्याला वाटतंय कुनी पावना येनार हाय."

मी वही उलटी धरून वाचत होतो.

"पन मी शब्द दिलाय," इंदुबाई पुटपुटल्या.

"कोनाला?"

"देवाला."

"रविवारी चर्चात मिस्साला जाते तवा मी सांगते त्याला. जेव तू."

भावेशने भात-डाळ आणि भाकरी वाढली. इंदुबाई आधी चोरट्यासारख्या, मग भराभर जेवल्या. मुकादम वळून बसला. त्याची मान प्रत्येक घासाबरोबर वर-खाली होत होती. शेवटी भाकरीचा एक तुकडा उरला. इंदुबाईंनी त्यात गोळी दाबली, ताट पुसलं आणि नेहमीसारखं म्हटलं, "घे रं."

तुकडा खाली पडलाच नाही. वरच्या वर गट्टम.

इंदुबाई त्याच्या गळ्यात पडून रडल्या. तो मात्र ताट चाटण्यात गर्क होता.

इतक्यात डॉक्टरांचा फोन आला. भावेशने स्पीकर लावला.

"काय, दिली का गोळी?"

"हो डॉक्टर, आत्ताच."

"वा! कशी काय?"

"आईला पोटभर जेवू घातलं."

पलीकडे केसपेपर चाळल्याचा आवाज आला.

"भावेश," डॉक्टर हळूच म्हणाले, "गोळी नक्की कोणी घेतली?"