चार हजार आठशे बारा मेल आणि एक बेसिन

"वीस मिनिटांचं काम आहे," असं मी मंगळवारी दुपारी चार वाजता शिवराज सरांना सांगितलं. खरं तर सतरा मिनिटांचं होतं. उरलेली तीन मी चुकीसाठी राखून ठेवली होती. मी एम.एस्सी. केमिस्ट्री, मी चुकीलाही मोजून जागा सोडते!

पुंडलिकनगरात आमची माती आणि पाणी तपासायची प्रयोगशाळा आहे. तिथला मेल सर्व्हर सुदर्शन सांभाळायचा. तो पुण्याला गेला आणि सर म्हणाले, "सरिता मॅडम, सर्व्हर आता तुम्ही बघा. तुम्ही सायन्सच्या ना!" जणू सल्फेट आणि सर्व्हर एकाच बाटलीत मिळतात!

बिघाड असा होता. कुठला मेल कुठल्या मेलचं उत्तर आहे याची नोंद सर्व्हर एका डेटाबेसमध्ये ठेवतो आणि प्रश्न, उत्तर, त्यावरचं उत्तर अशी साखळी करून दाखवतो. तो डेटाबेसच बिघडला होता. प्रश्न सिल्लोडच्या मक्याच्या शेताचा आणि त्याचं उत्तर ऑफिस सांभाळणाऱ्या सोनियाच्या रजेच्या अर्जाखाली!

"मॅडम, रजेचं उत्तर आलंय," ती म्हणाली. "नत्र कमी आहे, शेणखत घाला. घालू का?"

उपाय सोपा होता. जुना डेटाबेस पुसायचा आणि सगळे मेल वाचून नवा बांधायचा. सेटिंग उघडली, तर तिथं एक नियम दिसला : मेलचा विषय बदलला तर नवी साखळी सुरू करावी. शेजारी सुदर्शनची टीप : "हे बदलू नका."

का बदलू नका? कारण दिलेलं नाही! विषयाची ओळ माणूस लिहितो आणि माणूस चुकतो. पण प्रत्येक मेलला स्वतःचा क्रमांक असतो, उत्तरात तो आपोआप उतरतो. क्रमांक चुकत नाहीत. मी नियम काढून टाकला, आदेश दिला आणि अप्पारावांनी आणून दिलेला चहा प्यायले. अप्पाराव आमचे शिपाई. चहा फक्कड करतात.

सतरा मिनिटं. एकही त्रुटी नाही!

"मॅडम," सोनियाचा आवाज आला. "माझे मेल कुठं गेले? एकच उरलाय!"

मी जाऊन पाहिलं. तिच्या स्क्रीनवर एकच ओळ होती : "बेसिनमध्ये चहापत्ती टाकू नये." आणि पुढं आकडा : २१०६.

मग माझ्या लक्षात आलं. आमच्याकडं नवा मेल कुणी लिहीतच नाही! कुठलाही जुना मेल उघडायचा, 'उत्तर द्या' दाबायचं, पत्ता बदलायचा, विषय बदलायचा, चालू! शिरस्ताच आहे तो. मी कितीदा हसले असेन त्यावर! म्हणजे नऊ वर्षं प्रत्येक मेल आधीच्या कुठल्या तरी मेलचं 'उत्तर' होता आणि माझ्या अचूक डेटाबेसनं तो धागा पार मुळापर्यंत ओढला होता. रजा, नमुने, दौलताबादची सहल, सगळं त्या एका चहापत्तीला लोंबकळत होतं!

आणि ती चहापत्ती कुणाची? प्रेषक : सरिता. मी रुजू झाले त्याच आठवड्यातली. मला बोलणं जमत नाही, लिहिणं जमतं. म्हणून 'सर्व कर्मचारी' यांना चार मुद्दे लिहिले होते. ज्या बेसिनमध्ये नमुन्यांच्या नळ्या धुतो त्यातच चहापत्ती टाकली जाते, बेसिन दोनदा तुंबलं, वगैरे.

नियम परत घालायला मी वळले, तोच आतून सर ओरडले, "माझ्याकडं चहापत्तीवर चार हजार आठशे बारा मेल? हे ऑफिस आहे का टपरी?"

"सर, हात लावू नका!"

"लावला! सगळे काढून टाकले!" सर अभिमानानं म्हणाले.

एका क्लिकमध्ये नऊ वर्षं कचरापेटीत!

मग सरांचा चेहरा लिटमससारखा रंग बदलू लागला. "मॅडम... त्यात मान्यतावाल्यांचा मेल होता."

प्रयोगशाळेची मान्यता महिनाअखेर संपत होती. तपासणीची तारीख मंजूर असल्याचं आज पाचच्या आत मेलनंच कळवायचं होतं. नाही कळवलं तर पुढचा नंबर चार महिन्यांनी. चार महिने एकही नमुना घ्यायचा नाही. मग आम्हा अकरा जणांचं काय, हे कुणी विचारलं नाही.

चार अठ्ठावीस. मी कचरापेटीतले मेल परत ओढायला लागले. सर्वांत जुने आधी! ब्युरेटमधून थेंब पडावेत तसे ते येत होते.

"किती?" सर.

"आठशे चाळीस."

"आता?"

"आठशे त्रेचाळीस."

"आता?"

"सर, तुम्ही विचारलंत की थांबतंय ते!"

अप्पाराव ट्रे घेऊन आत आले. "काय झालं साहेब? कुणी गेलं का?"

"मेल गेले!"

"आसं व्हय! मंग घ्या चहा."

चार बावन्न. "मॅडम, प्रिंट!" सोनिया किंचाळली. सर प्रत्येक मेलची प्रिंट काढतात. त्या सवयीवरही मी हसत असे. सोनिया फाईल घेऊन धावत आली. मान्यतावाल्यांचा पत्ता होता!

मी सरांच्या खुर्चीत बसले. समोर एक मेल उघडा होताच. 'उत्तर द्या' दाबलं, पत्ता बदलला, "सोळा तारीख मंजूर आहे" असं लिहिलं आणि पाठवून दिलं. चार सत्तावन्न!

"याला म्हणतात सायन्स!" सरांनी टाळ्या वाजवल्या.

पाच वाजून चार मिनिटांनी उत्तर आलं. सरांनी मोठ्यानं वाचलं, "आपला मेल व त्याखालील मजकूर मिळाला. तारीख नोंदवली आहे. तपासणीची सुरुवात बेसिनपासून करण्यात येईल."

मी पाठवलेला मेल उघडला. विषय तोच : "बेसिनमध्ये चहापत्ती टाकू नये." खाली माझे चारही मुद्दे, क्रमांकासह.



"नऊ वर्षांपूर्वीचं आहे ना ते," सर म्हणाले. "आता कुणी टाकत नसेल."

"शक्यच नाही सर. सगळ्यांना मेल गेलेला आहे."

तेवढ्यात बाहेरून ठक ठक ठक असा आवाज आला. आम्ही तिघंही धावलो. अप्पाराव नळ्यांच्या बेसिनवर गाळणं आपटत उभे होते.

"अप्पाराव! नऊ वर्षांपूर्वी मी मेल केला होता! इथं पत्ती टाकायची नाही म्हणून!"

"केला आसंल की मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "पर मला मेल हाय कुठं?"

मग मी त्यांना तोंडी सांगितलं.

"व्हय का? नाय टाकत मंग," अप्पाराव म्हणाले.

चार सेकंद लागले.