खर्डेकरकाकांनी अडवलेला मुहूर्त

खर्डेकरकाकांना काहीही सांगायला जा, निम्म्यावर त्यांचा हात वर होतो. "जरा पाछळ घ्या!" म्हणजे गुजरातीत मागे जा, वाक्य पहिल्यापासून बोला. कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांनी आपापली वाक्यं पाछळ घेतलेली आहेत. फक्त काकू दाद देत नाहीत. "पाछळ घेतलं तर दुसऱ्यांदा जास्त वाईट बोलेन," असं त्यांनी एकदा जिन्यात सर्वांदेखत बजावलं होतं.

ही सवय काकांना कॉम्प्युटरने लावली. कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर त्यांना कुठूनसं एक सॉफ्टवेअर सापडलं. कॉम्प्युटरवर जे काही वाजत असेल, रेडिओ, कीर्तन, क्रिकेटची कॉमेंट्री, ते चालू असतानाच थांबवायचं, मागे न्यायचं आणि वर टेप करून ठेवायचं. काका कॉमेंट्री थांबवून दूध आणायला जातात. मग भारत जिंकल्याचे फटाके वाजून विझले तरी यांच्या घरात अजून विकेटी पडायच्या असतात. मधेच स्कोअर सांगणाऱ्याला त्या घरी चहा मिळत नाही.

मी समोरच्याच दारात राहते आणि मला नसत्या चौकशा फार. "काका, दुनिया पुढे निघून गेली ना!" असं मी एकदा म्हटलं.

"जाऊ दे ने! आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?"

त्यांची एकुलती लेक ऋचा मेलबर्नला असते. तिचं लग्न तिकडेच ठरलं. काकूंचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. "तुम्ही तरी जा," असं काकू रोज म्हणायच्या आणि काका रोज ऐकू न आल्यासारखं करायचे. तेवढं एक वाक्य मात्र त्यांनी कधी पाछळ घ्यायला सांगितलं नाही. आईला लेकीचं लग्न पहिल्या अक्षरापासून ऐकवायचं, एवढंच त्यांनी मनावर घेतलं होतं.

तिकडचा दुपारचा मुहूर्त म्हणजे आपल्याकडची सकाळ. आम्ही सगळे शेजारी आंघोळी उरकून, मुठीत अक्षता घेऊन कॉम्प्युटरसमोर उभे राहिलो. मेलबर्नचा व्हिडिओ कॉल लागला, पडद्यावर अंतरपाट धरला गेला, भटजींनी घसा साफ केला आणि इकडे काकूंना घेरी आली. काकांनी एका हाताने आवाज थांबवला, दुसऱ्या हाताने काकूंना धरलं. त्यांना आत नेता नेता ओरडले, "कोणी अक्षता टाकायच्या नाहीत!"

आवाज थांबला, पण चित्र काही त्या सॉफ्टवेअरच्या ताब्यात नव्हतं. अंतरपाट दूर झाला, माळा पडल्या. तळमजल्यावरच्या पटेलबेन कळवळून म्हणाल्या, "अरे, त्यां तो लगन थई गयुं!" तेवढ्यात काका बाहेर आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि खांद्यावरचा पंचा त्याच्यावर टाकला.

"काका, मुहूर्त टळला ना," मी हळूच म्हटलं.

"तो त्यांचा. हिचा अजून व्हायचाय."

काकू सावरून, भिंतीला धरत बाहेर आल्या. "पंचा कशाला तो?"

"नजर लागते," काका म्हणाले. खोटं बोलताना ते नेहमी असेच गंभीर होतात.

मग त्यांनी अडवलेला आवाज सोडला. मंगलाष्टकं सुरू झाली. काकू डोळे मिटून ओठ हलवत होत्या. प्रत्येक 'सावधान'ला आम्ही त्या पंच्यावर अक्षता टाकत होतो. मेलबर्नला बहुधा पंगती बसल्या होत्या. इतकं उशिरा लागलेलं लग्न मी पाहिलं नव्हतं आणि इतकं मनापासून लागलेलंही नाही.

दुपारी मी लग्नासाठी दिलेल्या माझ्या खुर्च्या परत आणायला गेले तेव्हा काकू झोपल्या होत्या. काका कानाला हेडफोन लावून बसले होते. टेप नीट झालंय का ते बघत असतील असं मला वाटलं. त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावले.

भटजींच्या आधी, अगदी जवळून, ऋचाचा हळू आवाज होता. "बाबा, आहात ने?" मग जराशी शांतता. पुन्हा, "बाबा?" आणि मग मंगलाष्टकं.

बापाचा आवाज ऐकू यावा म्हणून तिने मुंडावळ्यांआड कानात इयरफोन घालून ठेवला होता. ती विचारत होती तेव्हा काका आत काकूंना गोळी देत होते. नंतर काकांनी आवाज सोडला तेव्हाही आमच्या गलबल्यात हे कुणाला ऐकू गेलं नव्हतं.

"फोन करून सांगा ना तिला," मी म्हटलं.

"केला ने. हसत होती. मजेत आहे." त्यांनी हेडफोन परत घेतले. "पण त्या वेळेला तिला कोणी हो म्हटलं नाही."

मी खुर्च्या उचलल्या आणि दाराकडे वळले. काकांनी आवाज पुन्हा थोडा मागे नेला. मान खाली घालून ऐकलं. आणि समोर कुणी बसलेलं असावं तसे म्हणाले, "हो बेटा, आहे. आईला घेऊन आलो."